न झालेल्या कांजिण्या

आईचं ब्लडप्रेशर मोजून झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी दंडाचा पट्टा गुंडाळून ठेवला, आई पिशवी उचलून उठली, आणि निघता निघता, किल्ली घेतली का असं विचारावं तितक्या सहज, मी म्हटलं की माझ्याही डाव्या बरगडीखाली दोन दिवस जळजळतंय, काहीतरी चावलं असावं. गप्प बसलो असतो तर त्या दिवसापुरतं तरी निभावलं असतं. पण जळजळ अशी होती की शर्टाचं कापडसुद्धा टोचत होतं. बाईंनी शर्ट वर करायला सांगितलं. आई दारातच थांबली. माझा शर्ट कुणीही वर केला की मी चौपन्न वर्षांचा झालो तरी ती बघायला थांबते. बरगडीपासून पाठीच्या कण्यापर्यंत फोडांची एक रांग निघाली होती. बाईंनी ती बोट न लावता पाहिली आणि म्हणाल्या, "नागीण आहे. लहानपणी कांजिण्या कधी झाल्या होत्या तुम्हाला?" उत्तर मी दिलं नाही, आईने दिलं. "याला नाही झाल्या कधी," ती म्हणाली. "याच्या पाठच्या बहिणीला झाल्या होत्या. त्यातच गेली ती." बाई वयाने लहान, कागदावर लिहीत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "असं नसतं हो आजी. कांजिण्या झाल्याशिवाय नागीण होत नाही. अगदी थोड्या आल्या असतील, तुमच्या लक्षात आलं नसेल." आईने पिशवी परत खुर्चीवर ठेवली. "माझ्या लक्षात आलं नसेल?" तिने विचारलं. तिला राग आला नव्हता. तिला खरोखरच कळून घ्यायचं होतं.

बाई समजावून सांगणाऱ्यांपैकी होत्या, हे माझं दुर्दैव. त्यांनी औषधाच्या कागदाच्या पाठीवर मणका काढला, त्यातून निघणारा मज्जातंतू काढला आणि त्याच्या मुळाशी पेनाने तीन-चार ठिपके दिले. कांजिण्यांचा विषाणू आला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात, त्या म्हणाल्या, काही पेशी त्याला गिळतात, काही त्याला नेमकी बसतील अशी प्रथिनं तयार करून रक्तात सोडतात, आणि आठ-दहा दिवसांत माणूस बरा होतो. पण थोडे विषाणू निसटून मज्जातंतूच्या मुळाशी जाऊन बसतात. तिथे त्यांना मारायला जावं तर मज्जातंतूच जायचा, म्हणून शरीर त्यांना मारत नाही, त्यांच्यावर पहारा बसवतं. एकदा गाठ पडलेल्या शत्रूची ओळख धरून बसणाऱ्या पेशी असतात, त्या जन्मभर राखण करतात. वय झालं, दगदग झाली, की पहारा ढिला पडतो आणि आतला बाहेर येतो. "म्हणजे हे चाळीसेक वर्षं तुमच्यातच होतं," बाई मला म्हणाल्या, जणू मला गंमत वाटेल. सेहेचाळीस, मी मनात म्हटलं. आईने कागद हातात घेऊन चित्र नीट पाहिलं आणि दोन प्रश्न विचारले. एकाच्या कांजिण्या दुसऱ्याला लागून अंगावर उठायला किती दिवस जातात? दोन आठवडे, कधी तीन, बाई म्हणाल्या. आणि ज्याला उठणार आहेत त्याच्यापासून, त्या उठायच्या आधी किती दिवस लागण होते? "एखाद-दोन दिवस. त्याच्या आधी नाही." आईने मान डोलावली, आभार मानले आणि जिना माझा हात न धरता उतरली.

आई लग्नाआधीपासून बसडेपोत कामाच्या पाळ्यांचे तक्ते करायची. कोण कुठल्या तारखेला कुठल्या गाडीवर, कुणाची सुट्टी कुठे सरकली, हे दोनशे माणसांचं तिच्या डोक्यात असायचं. माझी बहीण आजारी पडली तेव्हा आईने ती नोकरी सोडली, पण डोकं काही डेपोत ठेवून आली नव्हती. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि मांडीवरच्या पिशवीआड तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. मी ते पाहिलं. तिचं मोजून होण्याच्या आत मी बोललो पाहिजे, एवढं एकच मला कळत होतं. मी वजनमापं तपासणारा माणूस. बाजारात मी दुकानाच्या पायरीवर पाय ठेवताच जो दुकानदार स्वतःहून म्हणतो की साहेब, हे दोन किलोचं वजन झिजलंय, त्याला मी एका पद्धतीने वागवतो. आणि जो मी काटा लावेपर्यंत मूग गिळून बसतो, त्याला दुसऱ्या. दोघांच्या वजनात तूट तेवढीच असते. तीस वर्षं मी हा फरक करत आलो. बसचे अकरा थांबे होते, मी तिसऱ्या थांब्यावर तोंड उघडलं आणि विचारलं, "पुढची खिडकी लावू का, वारा लागतोय का तुला?" ती म्हणाली, "नको." पाचव्या थांब्यावर एक बाई आमच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, मग तिच्यासमोर कसं बोलणार, असं मी स्वतःला सांगितलं. सातव्याला ती उतरली.

बहीण माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तिच्या अंगातल्या पेशी तिच्याच मूत्रपिंडांवर उलटल्यात, असं तेव्हाचे डॉक्टर सांगायचे. सकाळी उठायची तेव्हा तिचे डोळे सुजेने मिटलेले असायचे, पाय दाबला की खळगा पडून तसाच राहायचा. मग त्या लहान पांढऱ्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी सूज उतरली, पण गाल असे गरगरीत झाले की मी तिला फुगी म्हणायला लागलो आणि ते नाव घरात चिकटलं. ती ओ द्यायची त्या नावाला. मला दादा म्हणायची, तेही असं ऐटीत, जणू मी डेपोचा साहेब. गोळ्यांचं काम असं होतं की तिच्या पेशींना झोपवून ठेवायचं, म्हणजे त्या तिला खाणार नाहीत. पण झोपलेल्या पेशी बाहेरून येणाऱ्यालाही अडवत नाहीत. डॉक्टरांनी हे आईला एकदाच सांगितलं आणि त्या दिवसापासून आईने तो पहारा स्वतःकडे घेतला. दाराशी बादली, साबण, टॉवेल. येईल त्याने कोपरापर्यंत हात धुवायचे, मग आजोबा असोत की मीटर बघायला आलेला माणूस. कुणी शिंकलं की जिन्यातूनच परत. वडील फिरतीच्या नोकरीत, पंधरा दिवसांनी घरी यायचे, त्यांनाही कपडे बदलल्याशिवाय पोरीजवळ जाता यायचं नाही; ते म्हणायचे, यापेक्षा तुरुंगात शिरणं सोपं. आणि रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली माझी तपासणी. हात बघू, मान बघू, कानामागे बघू, जीभ काढ. डोळ्यांत तेल घालून म्हणतात ते मी प्रत्यक्ष पाहिलंय. आपल्याला जे साधं ते तिला साधं नाही, हे वाक्य मी इतकं ऐकलं होतं की शाळेच्या प्रार्थनेसारखं त्याचा अर्थ न लागता पाठ झालं होतं.

पण मला माहीत होतं. इथे मी स्वतःला सूट देणार नाही, कारण इतकी वर्षं दुसरं काही दिलं नाही. आठव्या वर्षी, शाळेतून आल्यावर आंघोळ करताना, पोटावर आणि मांडीवर पाण्याच्या थेंबांसारखे फोड दिसले, तेव्हा हे दाखवायचं असतं हे मला माहीत होतं. वर्गातली दोन पोरं आठवडाभर आली नव्हती, त्यांना काय झालंय तेही माहीत होतं. मी फोड मोजले. सतरा होते. ताप नव्हता, खाज थोडी. आणि मला हेही माहीत होतं की दाखवले की तासाभरात माझी पिशवी भरली जाईल आणि मला मावशीकडे पोचवलं जाईल. त्याआधी एकदा नुसत्या सर्दीसाठी बारा दिवस गेलो होतो. मावशी आईची धाकटी बहीण, टेलिफोनच्या ऑफिसात होती, मायाळू, मला कुशीत घेऊन झोपायची. तिचं घर वाईट मुळीच नव्हतं. पण बारा दिवसांनी परत आलो तेव्हा माझ्या उशीच्या जागी फुगीच्या औषधांचा डबा मांडलेला होता, आणि तो उचलायचं कुणाच्या लक्षात यायला संध्याकाळ झाली. कोपऱ्यात बसून राहिलो. त्यामुळे या वेळी मी बनियन चड्डीत नीट खोचली आणि दिव्याखाली जाऊन उभा राहिलो. हात, मान, कान, जीभ. पोट आई बघत नव्हती, कारण त्याच महिन्यात मी दार लावून एकट्याने आंघोळ करायला लागलो होतो आणि तिने कौतुकाने सगळ्यांना सांगितलं होतं की मोठा झाला आता. मला घरात राहायचं होतं, बाकी काही नाही. आजवर मी या गोष्टीला पुष्कळ कारणं चिकटवून पाहिली, मत्सर, राग, अजाणपणा, पण एकही टिकत नाही. मला घरात राहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मावशी आली, तिचा सात वर्षांचा मुलगा बरोबर. त्याचा आवाज असा खणखणीत की सगळे त्याला भोंगा म्हणत. दोघांनी कोपरापर्यंत हात धुतले. भोंगा एकदा खोकला, आईने लगेच विचारलं, मावशी म्हणाली, "अगं, बसमधली धूळ गेलीय नाकात." आम्ही तिघं टेबलावरून चादर सोडून दोन तास आत बसलो. फुगी माझ्या मांडीवर बसली होती. तिने विचारलं, "दादा, तू का खाजवतोस?" मी म्हटलं, मुंगी गेलीय. ती म्हणाली, बघू. मी तिला म्हटलं, दाखवतो, पण आईला सांगायचं नाही. आणि दाखवलं. तिने एका फोडाला बोट लावलं आणि म्हणाली, "दुखतंय?" मी नाही म्हटलं. तिने आईला सांगितलं नाही. शेवटपर्यंत नाही. ती शब्दाला पक्की होती.

पंधराव्या दिवशी भोंग्याच्या अंगावर उठलं, सतराव्या दिवशी फुगीच्या. तोवर माझ्या खपल्या कधीच पडून गेल्या होत्या. भोंगा आठवड्यात उंडारायला लागला. फुगीचे फोड मात्र पाण्याचे राहिले नाहीत, काळपट लाल झाले, तळव्यांवर आले, जिभेवर आले, मग श्वास लागला. गोळ्या एकदम बंद करता येत नाहीत, असं डॉक्टर आईला पुन्हा पुन्हा सांगत होते. पेशी झोपल्या होत्या त्या झोपल्याच राहिल्या. पाचव्या दिवशी ती गेली. त्यानंतर आई दिवसचे दिवस दाराशी उभी राहून बादलीकडे बघायची. आपल्या पहाऱ्यात भोक कुठे राहिलं ते ती शोधत होती, आणि शोधता शोधता तिला तो खोकला सापडला. मावशी भेटायला आली तेव्हा आईने तिला जिन्यातच अडवलं. "धूळ म्हणालीस ना? तुझ्या पोराने माझी पोर नेली. या घराची पायरी परत चढू नकोस." मावशी एक पायरी खाली उतरली. तिच्या मागे भोंगा उभा होता, त्याच्या कपाळावरच्या खपल्या अजून पडायच्या होत्या. आईच्या मागे मी उभा होतो. तेव्हा मला आईला काय वाटतंय त्याचं भान नव्हतं, मावशीचं नव्हतं. मला एवढंच वाटलं की सुटलो. हे लिहायला मला जड जातंय, पण तेच वाटलं होतं.

बाविसाव्या वर्षी नोकरीच्या परीक्षेसाठी ग्रंथालयात बसायचो तेव्हा एका जाड वैद्यकीय पुस्तकात मी कांजिण्यांचं पान काढलं. लागण कधी होते, किती दिवसांनी उठतं, सगळं होतं. पाच मिनिटांत कळलं की पंधरा दिवस आधीच्या खोकल्याने भोंगा कुणालाही काही देऊ शकत नव्हता. मी स्वतःचं नाव न घेताही मावशीला सोडवू शकलो असतो. नुसतं ते पान आईपुढे धरलं असतं तरी पुरे होतं. पण पान धरलं की आईने विचारलं असतं, मग कुणाकडून? मी पुस्तक जागेवर ठेवलं आणि परीक्षा उत्तम पास झालो. मावशीची पत्रं येत राहिली, वर्षातून एक, कधी दोन. आई न फोडता परत पाठवायची. अकरा वर्षांपूर्वी मावशी गेली. मी आईला सांगितलं, ती गव्हातले खडे काढत होती, "बरं," म्हणाली आणि परात संपेपर्यंत उठली नाही. मी एकटा गेलो. भोंगा आता लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम करतो, माझ्यासारखाच एकटा राहिला. घरात माणसं जमली होती, शेजारची एक बाई तान्हं मूल घेऊन आली होती, तिला सगळ्यांना पाणी द्यायला उठायचं होतं म्हणून तिने मूल भोंग्यापुढे धरलं, तर त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. मूल मी घेतलं. त्याने जाताना मला नंबर दिला. मी तो कधी लावला नाही.

नवव्या थांब्यापाशी आईचा अंगठा थांबला. मी तिच्याकडे पाहिलं नाही, तरी थांबलेला कळला. घरी आल्यावर तिने मला शर्ट काढून पालथं झोपायला सांगितलं आणि गुलाबी लोशनची बाटली हलवत शेजारी बसली. तिचा हात एकोणऐंशी वर्षांचा, पण नेमका. दोन-तीन फोडांना कापूस लावून झाल्यावर तिने विचारलं, "किती होते?"

"सतरा," मी उशीत म्हटलं.

"कुठे?"

"पोटावर. मांडीवर."

"म्हणजे मी बघत नव्हते तिथे." कापूस पुढच्या फोडावर गेला. "त्या रविवारी होते?"

"हो. आदल्या दिवशी दिसले."

"मुद्दाम लपवलेस?"

"मावशीकडे पाठवलं असतंस तू मला. मला जायचं नव्हतं."

तिने उरलेल्या फोडांना कापूस लावला. लोशन वाळून कातडी ओढायला लागली होती. मी वाट बघत होतो की ती रडेल, मारेल, उठून जाईल. "आठ वर्षांचा होतास," ती शेवटी म्हणाली. "आठ वर्षांच्या पोराला काय बोलू मी? माझंच पोर होतं ते. माझीच नजर कमी पडली म्हणेन." मग बाटलीचं झाकण लावलं, घट्ट. "पण तू विशीतही याच घरात होतास ना? चाळिशीत? तिची पत्रं यायची ती खालच्या पेटीतून तूच आणून द्यायचास मला. आणि मी परत पाठव म्हटलं की तूच जाऊन टाकायचास."

मी म्हटलं की मला वाटायचं, तुला त्रास होईल. ती हसली. थट्टेतसुद्धा तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. "मला?" ती म्हणाली. "मला त्रास व्हायचा काय शिल्लक होता रे? मुलगी गेली, बहीण मी घालवली. त्रास तुला झाला असता." हे खरं होतं आणि इतकं साधं होतं की मला ते एवढ्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. मी जे माझ्या पोटात ठेवलं ते आईसाठी ठेवलं, असं मी कधीतरी ठरवून टाकलं होतं आणि त्यावर स्वतःच शिक्का मारला होता. बाजारात असा शिक्का मी क्षणात ओळखतो. मी उठून बसलो, "आई, माझं चुकलं," म्हटलं. ती म्हणाली, "हो, चुकलं." आणि पाठीमागच्या भिंतीकडे बघत बसली. मग आवाज न बदलता विचारलं, "तिच्या मुलाचा नंबर आहे तुझ्याकडे?"

"आहे."

"लाव."

"तू बोलणार आहेस?"

"मी काय बोलू? तिला मी बोलायचं होतं, ते राहिलं. तू बोल. मी ऐकते."

दुपारचे साडेतीन झाले होते, तो कामावर असणार, उचलणार नाही, असं मी स्वतःशी म्हणत होतो. तिसऱ्या रिंगला त्याने उचलला. मागे कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटत होतं. मी कोण ते सांगितलं. "बोल," तो म्हणाला, हळू, पूर्वीच्या आवाजाचा मागमूस नाही. मी आधी नागिणीचं सांगितलं, मग डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते, मग रविवार, टेबलाखालची चादर, सतरा. दिवस मोजून सांगितले, कारण त्याशिवाय ते पुरं होत नव्हतं. तुला माझ्याकडून लागलं, तिला माझ्याकडून लागलं, तुझा खोकला धुळीचाच होता, मावशी खरं बोलली होती, आणि हे मला पहिल्यापासून माहीत होतं. सांगताना मी मावशीचा विचार करत होतो, समोर बसलेल्या आईचा विचार करत होतो. पलीकडे जो ऐकत होता त्याचा विचार सेहेचाळीस वर्षांत मी केलेला नव्हता. मागचं लोखंडाचं आपटणं बंद झालं. तो बहुतेक चालत बाजूला गेला असावा, किंवा त्याने कुणाला तरी थांबायला सांगितलं असावं. त्याचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं आता तो शिव्या देईल, आणि मी त्या घ्यायला तयार होतो.

"म्हणजे माझ्यामुळे नव्हतं ते?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तुझ्यामुळे नव्हतं."

मग तो म्हणाला, "परत सांग."

मी आईकडे पाहिलं. तिने पदराने तोंड झाकलं होतं आणि दुसऱ्या हाताने मला खूण करत होती, सांग म्हणून. मी परत सांगितलं.